कुपी कुणाची

४ जानेवारी

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

जो अवयव कोशात कुठेच दिसत नाही, तो वयात आलेल्या मादीच्या पोटात येतो कुठून? गेले दोन महिने मी या प्रश्नाशी झगडते आहे आणि मला त्याचं उत्तर येत नाही, हे आधीच कबूल करते. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. कुपी तुम्ही शोधलीत. तिच्याबद्दल तुमच्याहून जास्त कोण सांगणार?

सरांनी मला दिलेला विषय तुम्हाला माहीत आहे: पिठातल्या काळ्या भुंगेऱ्याच्या मादीत कुपी घडते कशी, आणि कोशात तिची सुरुवात केव्हा होते. ऐकायला सोपं वाटलं होतं. वाढलेल्या मादीत ती कुठे असते ते तर जिन्याजवळच्या भिंतीवरच लावलंय, तुमच्या हातचं चित्र, तुमच्या सहीसकट. दोन अंडाशय, त्यांच्या नळ्या खाली येऊन एक होतात, तिथे मीलनाची पिशवी, आणि पिशवीच्या आत बसलेली ती इवलीशी, थराथरांची कुपी. पहिल्या वर्षाला असताना मी त्या चित्रासमोर उभी राहून डबा खायचे. एका बाईने हे पाहिलं, आणि तिच्याआधी जगात कुणीच नाही, या विचारात मधली सुट्टी संपून जायची.

आता तुमच्याच टेबलावर बसते. डावा खण अजून अडकतो. तुम्ही शिकवलंत तसंच सगळं करते. कोश बर्फावर निपचित होऊ देते, पोट उघडते, हवा तो भाग काढून आधी द्रावणात, मग मेणात, मग यंत्रावर त्याचे पातळ काप. कापांची फीत सुटायला लागली की श्वास रोखून ती कुंचल्याने उचलते. आणि एक काप एका काचेवर, त्याच्या पुढचा दुसऱ्या काचेवर, अशा जोडीच्या काचा अजूनही करते. इथे आता बाकी कुणी करत नाही, वेळ जातो म्हणतात. तुम्ही म्हणायचात, एक काच जगाला दाखवायला आणि एक स्वतःच्या डोळ्यांना. मी ते सोडलेलं नाही.

पण कोवळ्या कोशात कुपी नाही. जून कोशात नाही. आतल्या आत पाय हलवणाऱ्या, बाहेर पडायला आलेल्या कोशातही नाही. पिशवी आहे, शेजारी शुक्राणू साठवायची वळलेली नळी आहे, सगळा संसार मांडलेला आहे, कुपी तेवढी नाही.

आणखी एक. वाढलेल्या मादीच्या कापात आजूबाजूच्या प्रत्येक पेशीत केंद्रकाचा निळा ठिपका उठतो. कुपीत एकही निळा ठिपका नाही, नुसते गुलाबी थर. माझं रंगवणं चुकत असेल का?

घरी सगळे ठीक. दादा अजून पिठाच्या गिरणीतच आहे. माझ्या बरण्यांसाठी किडकं पीठ तोच पाठवतो. गिरणीत सगळ्यांना सांगत असतो, "लोक पीठ चाळून किडे फेकतात. आमची बहीण किडे ठेवते आणि पीठ फेकते. घराण्यातली पहिली पदवी ही अशी गेली!" पण पिशवीवर 'हळू उचला, आत पाहुणे आहेत' असं तोच लिहितो.

तुमच्या आईंना, म्हणजे माझ्या आजींना, नमस्कार सांगा. त्यांनी विणून दिलेले बोटं उघडी ठेवणारे मोजे घालूनच यंत्रावर बसते. खोली तशीच गार आहे.

तुमची,
चिमटी
(सगळे अजून याच नावाने हाक मारतात. चिमटा केसात खोचायची सवय काही गेली नाही.)


१९ जानेवारी

प्रिय चिमटे,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोरीला उत्तर दे, आणि जरा गोड दे." प्रयत्न करते.

तुझं मेण जळतंय, बाई. त्या टेबलाखालची भट्टी मला चांगली ठाऊक आहे, तिचा काटा खोटं बोलतो. जास्त तापलेल्या मेणात कोवळा अवयव शिजून जातो. तू कुपी शिजवलीस आणि आता मलाच विचारतेस की ती गेली कुठे.

केंद्रकांचं म्हणशील तर कीटकांच्या खालच्या नळ्यांना आतून कवचाचंच अस्तर असतं आणि कवचात पेशी नसतात. कुपी ही त्या अस्तराची घडी. माझ्या निबंधाच्या दुसऱ्या पानावर आहे. चित्रासमोर डबा खाल्लास तेवढा वेळ निबंध वाचला असतास तर टपालाचा त्रास वाचला असता.

रागावू नकोस. घरातल्या पहिल्या शिकलेल्या मुलीला एक तर कशातच शंका येत नाही, नाहीतर सगळ्यातच येते. तुला दुसरा आजार झालाय. मलाही झाला होता, माझ्या सासरच्यांनी तो उतरवला. मग मी सासर उतरवलं.

इथली माझी जागा या वर्षी कायम व्हायची आहे. समितीपुढे ठेवायला माझ्याकडे एकच गोष्ट आहे, कुपी. आईचं अंथरूण, या दोन खोल्या, दुपारी तिच्याजवळ बसणारी बाई, सगळं त्या केसाएवढ्या अवयवावर उभं आहे. तेव्हा कोशात शोध. आहे ती. सापडेल.

ताई

ता. क. आई म्हणते, तुझ्या किड्यांना तिचा आशीर्वाद.


२ मार्च

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

भट्टीचा काटा खरंच खोटं बोलत होता. नवा तापमापक आणून मेण वितळेल एवढंच तापवलं आणि सगळं पहिल्यापासून केलं. आता कापांत पेशी इतक्या स्वच्छ दिसतात की पाहत बसावंसं वाटतं. कुपी मात्र नाही.

सरांकडे गेले. त्यांनी काच भिंगाखाली लावली आणि डोळा लावायच्या आधीच विचारलं, "ताईंना विचारलंस?"
"विचारलं सर."
"मग त्या म्हणतात तसं कर."
"केलं सर. तरी नाही."
"हे बघ, तू हुशार आहेस, ती हुशार आहे. मला या वयात तुम्हा दोघींच्या मध्ये उभं करू नकोस." आणि चहा मागवला. माझ्यासाठीही मागवला, एवढं चांगलं.

ताई, एक विचारू? आपल्या बरणीत नर आणि माद्या एकत्रच कोशातून बाहेर पडतात, एकत्रच राहतात. कापायला मादी हवी की आपण बरणीतून उचलतो. आपल्यापैकी कुणी कधी कोरी मादी, म्हणजे जिने नर पाहिलाच नाही अशी, कापली आहे का? तुमच्या निबंधात मला सापडलं नाही. मी आता कोश वेगळे काढून एकेका नळीत एकेक ठेवलाय. खिडकीत नळ्यांची रांग लागली आहे.

आईला हे कळवलं तर तिने दादाकडून लिहवून घेतलं, "किड्यांच्या पोरी नरापासून सांभाळून ठेवतेस ते ठीक, पण तिथली शिस्त घरी आणू नकोस. आम्ही आणलेलं एकही स्थळ तू जवळ येऊ देत नाहीस." दादाने खाली आपल्या मनाने जोडलंय, 'नळीत बसणारा नवरा पाहतो आहोत.'

तुमची,
चिमटी


२८ मार्च

ताई, ताई, ताई,

तुमच्या उत्तराची वाट न पाहता लिहिते. कुपी तिची नाहीच. कुपी त्याची आहे!

कोऱ्या मादीची पिशवी रिकामी असते. नळीतल्या एकाही कोरीत कुपी सापडली नाही. मग एकेकीजवळ एकेक नर सोडला. जोडी जुळली की थोडं थांबून चिमट्याने तोडायची आणि मादी बर्फावर. ती बराच वेळ पाय झाडते. आधी मला ते बघवायचं नाही, आता घड्याळाकडे बघते. काहींना तिथल्या तिथे कापलं, काहींना अर्ध्या तासाने, काहींना दुसऱ्या दिवशी. लगेच कापलेलीत नुसता चिकट गोळा. अर्ध्या तासाने त्याला थर धरतात आणि एका टोकाला तोंड तयार होतं. दुसऱ्या दिवशीच्या मादीत हुबेहूब भिंतीवरची कुपी!

नर जाताना जो स्राव सोडतो तो पिशवीत घट्ट होतो. आत शुक्राणू, बाहेर थर, आणि मागून येणाऱ्या नराला वाट बंद. म्हणून कुपीत केंद्रकं नाहीत. म्हणून ती कोशात नाही. त्याने बूच मारलं आणि आपण ते तिचं अंग समजून भिंतीवर टांगलं.

नरांचेही काप काढले. त्यांना स्रावाच्या ग्रंथींच्या दोन जोड्या आहेत. एक लांब नळ्यांची, एक आखूड, शेंगेतल्या दाण्यासारखी फुगीर. जोडीतून सुटलेल्या नराच्या लांब ग्रंथी पार रिकाम्या झालेल्या दिसतात, तेव्हा कुपीचा माल तिथूनच येत असावा, असा माझा अंदाज. नक्की नाही.

तुमची यात चूक नव्हती ताई, खरंच. बरणीत कोरी मादी मिळणारच कशी? तुमच्या जागी कुणीही असतं तरी हेच पाहिलं असतं. आता माझ्या मनात असं आहे की आपण दोघींनी मिळून लिहावं. पहिलं नाव तुमचं. ज्या हाताने ते चित्र काढलं त्याच हाताने ते उतरवलं, तर केवढी मोठी गोष्ट होईल! मी ज्या घरातून आले तिथे मोठं माणूस चुकलं असं कुणी म्हणत नाही, मोठं माणूस स्वतः तर नाहीच नाही. मला वाटायचं, याच्यासाठीच शिकायचं असतं.

आजींना सांगा, किड्यांना आशीर्वाद लागला.

तुमची,
चिमटी


६ एप्रिल

माझ्या शहाण्या चिमटे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. शाबास. मी आईला सांगितलं, ही पोर आपल्या पुढे जाणार. ती म्हणाली, "मग तिला अडवू नकोस." बघ, म्हातारी तुझ्या बाजूची.

आता नीट ऐक. तू पाहिलंस ते खरं असेल तर मोठं आहे. खरं नसेल तर तुझं हसं होईल आणि तुझ्यामागे माझं. इथलं भिंग तुमच्याकडच्यापेक्षा फार चांगलं आहे. सगळ्या काचा मला पाठव, एकही मागे ठेवू नकोस. सरांना इतक्यात काही बोलू नकोस. त्यांच्या पोटात काही राहत नाही आणि डोक्यात तर त्याहून नाही. आधी माझ्या डोळ्यांखालून जाऊ दे, मग दोघी मिळून लिहू. नावांचं काय, ते बघता येईल.

तुझी ताई

ता. क. कधी, किती वेळाने, कसं तोडलंस, ते सगळं सविस्तर लिहून काचांबरोबर घाल. तुझी लिहिण्याची पद्धत मला आवडते.


१५ एप्रिल

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

काचांची पेटी आजच्या टपालाने पाठवली. दादाने गिरणीतल्या खोक्याच्या फळ्यांची बनवून दिली, आतून कापूस लावून. पाडली तरी काही होणार नाही म्हणाला, आणि खात्री पटवायला त्याने ती रिकामी असताना जिन्यावरून टाकूनही दाखवली.

रंगवलेल्या सगळ्या काचा आत आहेत. जोडीतल्या दुसऱ्या काचा अजून रंगवायच्याच आहेत, तशा पाहून तुम्हाला काही दिसणार नाही, म्हणून त्या इथेच ठेवल्या. सविस्तर टिपण घातलं आहे. अर्ध्या तासाची कुपी चांगली आली ती एकाच काचेवर, सहा नंबरच्या. कापांची फीत उचलतानाच कुंचल्याचा केस लागून कुपीला आडवी एक बारीक सुरकुती पडली आहे, तेवढी माफ करा.

सरांना काही बोलले नाही. त्यांनी परवा विचारलं, "काय, सापडली का कुपी?" मी "शोधते आहे" म्हटलं. त्यांच्याशी खोटं बोलायची पहिलीच वेळ. तुम्ही सांगितलंत म्हणून बोलले.

तुमची,
चिमटी


२० मे

प्रिय चिमटे,

उत्तराला उशीर झाला. आईचं दुखणं वाढलं होतं.

तुझ्या दादाच्या पेटीचं कौतुक राहू दे. निम्म्याहून जास्त काचा तुटून आल्या. सहा नंबरचा तर चुरा, तसाच केरात टाकला. राहिल्या त्यांवरून काहीच म्हणता येत नाही. कुठे दिसतं, कुठे दिसत नाही. कोऱ्या माद्या म्हणतेस, पण त्या वाढलेल्या तरी होत्या का? एकटं कोंडून ठेवलेलं कुठलं जनावर धड वाढतं? तू घाई केलीस. पहिल्या घासालाच मोठं माणूस चुकलेलं पकडायचं होतं ना तुला? अशा मुली मी बऱ्याच पाहिल्या. बहुतेक जणी आता शाळेत बेडकाचं चित्र शिकवतात.

त्या न रंगवलेल्या काचा फेकून दे. जुन्या कापांना रंग धड चढत नाही, नुसता मोह होतो.

मनाला लावून घेऊ नकोस. कोशावर पुन्हा काम सुरू कर, मी सरांना लिहीन की मुलगी कष्टाळू आहे.

सहज विचारते, अर्ध्या तासाच्या कुपीचं तोंड डावीकडे कलतं, ते सगळ्यांतच तसं असतं का? आणि ग्रंथी लांबच ना? आखूड नव्हेत? खात्री केली होतीस ना?

ताई


४ जून

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

काचा तुटल्या हे वाचून वाईट वाटलं. दादाला सांगितलं नाही, त्याला लागलं असतं. तो सध्या खोकतो. गिरणीतलं पीठ छातीत बसतं म्हणतात. तो म्हणतो, "पीठ नाही, तुझे किडे बसलेत. एक दिवस मलाच काप."

आजींना आता कसं आहे? त्या रात्री झोपतात का? दुपारी बसणाऱ्या बाई अजून येतात ना? त्यांना माझा नमस्कार सांगा आणि मोजे अजून घालते हेही सांगा, उन्हाळ्यात हसतील.

इथे खिडकीला नवी जाळी बसवली. तुमच्या टेबलाचा डावा खण सुताराकडून नीट करून घेतला, आता अडकत नाही. त्यात मागे तुमची एक जुनी केसांची पिन सापडली, ती जपून ठेवली आहे. आईने पुन्हा एक स्थळ पाठवलं. मुलगा औषधांच्या दुकानात बसतो. मी नको म्हटलं तर तो म्हणे मनातून सुटल्यासारखा हसला.

तुम्ही म्हणता तसं कोशावर काम सुरू केलं आहे.

तुमची,
चिमटी


११ ऑक्टोबर

प्रिय चिमटे,

सोबत निबंधाची प्रत पाठवते आहे. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

हो, कुपी नराची आहे. मी स्वतःचं म्हणणं स्वतःच खोडलं. संपादकांनी वर चार ओळी लिहिल्यात, इतका प्रामाणिकपणा आजकाल दुर्मिळ झालाय वगैरे. ते आमच्या समितीवरही आहेत. कायम केल्याचं पत्र वर्षअखेरीस हातात पडेल. आईला मी चार ओळी वाचून दाखवल्या, ती रडली.

तू चिडणार हे मला माहीत आहे. चिडून झालं की विचार कर. हेच तुझ्या नावाने गेलं असतं तर काय झालं असतं? गिरणीत फरशी झाडणाऱ्याची बहीण म्हणते की भिंतीवरचं चित्र चुकलं. कुणी पाकीटही उघडलं नसतं. उघडलं असतं तर तुझं ऐकून मला रस्त्यावर काढलं असतं, आणि तुला तरी काय मिळालं असतं? मी म्हटलं तर तो प्रामाणिकपणा. तू म्हटलं असतंस तर आगाऊपणा. हे मी नाही ठरवलं. मी फक्त वापरलं.

शेवटी आभारात तुझा उल्लेख केला आहे: 'कीटक जोपासण्याच्या कामी एका विद्यार्थिनीची मदत झाली.' नाव घातलं नाही, नाव घातलं की लोक चौकशा करतात.

तुझ्या विषयाचं आता काही उरलं नाही, हे खरं. जो अवयवच नाही तो घडतो कसा, यावर प्रबंध कोण घेणार? सरांशी बोलले आहे. पण माझ्या विभागात बरण्या बघायला माणूस लागतं. खोली मिळेल. आईजवळ दुपारी बसशील तर तिला आनंद होईल, ती बाई सोडून गेली. विचार कर. तुझा हात चांगला आहे, ते मी कधी नाकारलं नाही.

ताई


३ डिसेंबर

ताई,

तुमचा निबंध वाचला. मी तो भिंतीवरच्या चित्राखाली उभी राहून वाचला. चित्र अजून तिथेच आहे, उतरवायला कुणाला सांगितलेलं नाही.

सरांनी मला बोलावलं होतं. माझी फाइल त्यांनी आधीच कपाटाबाहेर काढून ठेवली होती. म्हणाले, "ताईंनी किती मोठं मन दाखवलं बघ. तू पण नवा विषय घे, किंवा... तुझ्या घरचे लग्नाचं बघतायत ना?" चहा मागवला. मी घेतला नाही.

दादाला मी सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "पेटी खरंच फुटली होती का?" एवढंच विचारलं त्याने, ताई. तुमच्या निबंधातलं त्याला काही कळत नाही. त्याला आपल्या पेटीची काळजी.

फुटली नव्हती. तुमच्या दुसऱ्या छायाचित्रात कुपीला आडवी एक बारीक सुरकुती आहे. ती माझ्या कुंचल्याच्या केसाची. म्हणजे तो केरात टाकलेला सहा नंबर. पण त्यासाठी मला छायाचित्राची वाट बघावी लागली नाही. मेमध्येच तुम्ही मला विचारलंत की अर्ध्या तासाच्या कुपीचं तोंड डावीकडे कलतं ते सगळ्यांतच का. अर्ध्या तासाची चांगली कुपी एकाच काचेवर होती, तोंड कलतं हे टिपणात मी लिहिलं नव्हतं, आणि ती काच तुमच्या म्हणण्याप्रमाणे चुरा झाली होती. चुऱ्यात तोंड कुठे कलतं ते दिसत नाही. तुम्ही लिहिताना इतक्या निर्धास्त होतात की ते तुमच्या लक्षातही आलं नाही. मला ते सगळ्यात जास्त लागलं.

तुमच्या त्या पत्रात आणखी एक प्रश्न होता. ग्रंथी लांबच ना, खात्री केली होतीस ना?

तुमचं पत्र येण्याच्या आठवड्यात मी जोडीतल्या दुसऱ्या काचा रंगवल्या होत्या. निळ्या-गुलाबीत नाही, तीन रंगांत. रंग छान चढला, जुन्या कापांना चढत नाही हे खरं नाही. लांब ग्रंथींचा स्राव निळा उठतो. आखूड ग्रंथींचा लाल, आणि त्याच्या आत नारिंगी. कुपी बाहेरून लाल आणि आतून नारिंगी आहे. तिच्यात निळ्याचा ठिपका नाही. लांब ग्रंथी रिकाम्या होतात त्या दुसऱ्याच कशासाठी, कुपीसाठी नव्हे. माझा मार्चमधला अंदाज चुकला होता, आणि तो तुम्ही बाण काढून, ठळक अक्षरांत, निष्कर्ष म्हणून छापलात. 'नक्की नाही' हे माझे दोन शब्द तेवढे गाळलेत. एक नराची आणि एक मादीची काच तीन रंगांत बुडवली असतीत तरी कळलं असतं. पण तुमच्याकडे माझ्या काचा होत्या, त्यात तुम्ही समाधानी राहिलात. भिंतीवरच्या चित्राच्या वेळी आपण बरणीतून मिळेल ती मादी घेत होतो. या वेळी तुम्ही टपालातून मिळेल ते घेतलंत.

चार जूनचं पत्र काढून पाहा. त्यात आजी आहेत, खण आहे, पिन आहे, औषधांच्या दुकानातला मुलगा आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. ते लिहीत होते तेव्हा उत्तर माझ्या उजव्या हाताला भिंगाखाली होतं, दिवाही लावलेला होता. तुम्ही सहज विचारलंत, मी सहज विसरले.

मला वाटायचं, खरं दिसलं की माणसाला गप्प बसवत नाही. मी चार महिने गप्प बसले. जेवत होते, झोपत होते, दादाच्या विनोदांवर हसतही होते. तुमचा निबंध बाहेर पडेपर्यंत मी रोज थोडी थोडी वाट पाहिली, बर्फावरच्या मादीचे पाय थांबायची पाहते तशी. हे मला कुणी शिकवलं ते मी तुमच्यावर ढकलणार नाही. पण जोडीच्या काचा करायला तुम्हीच शिकवलंत, ते विसरू शकत नाही.

तुमच्याकडे बरण्या सांभाळायला येणार नाही. आजींजवळ दुपारी बसायला आले असते, तुम्ही नुसतं तेवढंच विचारलं असतंत तर. हे पत्र त्यांना वाचून दाखवू नका. त्यांच्या दोन खोल्या कशावर उभ्या आहेत ते मला ठाऊक आहे, तुम्हीच लिहिलं होतंत. ते मनात ठेवूनच मी सगळं केलं, नकळत नाही. मोजे परत पाठवत नाही, ते त्यांनी मला दिले आहेत. पिन पाठवते आहे.

माझा निबंध त्याच संपादकांकडे गेला आहे. तुमचं दुसरं छायाचित्र, आणि त्याच्या शेजारी माझ्या जोडीच्या काचेवरचा लगेचचा पुढचा काप. सुरकुती एका कापातून दुसऱ्यात सलग जाते, शिवण जुळावी तशी. त्याखाली नर, लाल आणि नारिंगी. निष्कर्षात दोनच वाक्यं आहेत, एक कुपी कुठून येते याचं आणि एक काच कुठून आली याचं. संपादक तुमच्या समितीवर आहेत हे बरं झालं तुम्ही कळवलंत, एरवी मला वेगळी प्रत काढावी लागली असती.

शेवटी तुमचे आभार मानले आहेत: 'काचा काही काळ सांभाळण्याच्या कामी एका ज्येष्ठ संशोधिकेची मदत झाली.' नाव घातलं नाही.

माझं मात्र पूर्ण घातलं, वडिलांच्या नावासकट. चिमटी म्हणून या पत्राखाली शेवटची सही करते.

निबंध पोचल्याची पावती आज सकाळी हातात पडली. ती खणात ठेवली, आणि मग हे पत्र लिहायला घेतलं.

चिमटी